मशीन लावून झोपणाऱ्यांचं नाक

गणपती उठले आणि पितृपक्ष लागला की नवी मुंबईतल्या छातीच्या डॉक्टरांकडे एक ठरलेली तक्रार येऊ लागते. "डॉक्टर, मशीन सहन होत नाही." हेच गृहस्थ मे महिन्यात झोपेत श्वास मोकळा ठेवणारं सीपॅप मशीन लावून सहा-सात तास शांत झोपत असतात. आता मास्क चढवला की जीव घुसमटतो, मध्यरात्री झोपेतच मास्क ओढून काढला जातो, आणि सकाळी बायको सांगते की यांचं घोरणं पुन्हा सुरू झालंय. मशीन बिघडलं असेल, प्रेशर वाढलं असेल, कंपनीच्या माणसाला बोलावून घ्या, अशी चर्चा घरात होते. माणूस येतो, मशीन उघडून बघतो, ते ठणठणीत असतं. नाक मात्र दोन्ही बाजूंनी चोंदलेलं असतं, आणि त्याबद्दल कोणी विचारलेलंच नसतं.

ही पुस्तिका त्या नाकाबद्दल आहे. स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार घेणाऱ्या माणसाला हंगामी अ‍ॅलर्जी असेल तर त्याने वर्ष कसं काढायचं, हा तिचा विषय. ती लिहिणाऱ्यांत एक नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेत आणि स्लीप लॅबमध्ये रात्री काढणारे तंत्रज्ञ आहेत. मी छातीचा डॉक्टर. या तिघांनी एका टेबलाशी बसून एका पेशंटबद्दल बोलावं ही साधी गोष्ट आपल्याकडे क्वचित घडते, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो. घोरणारा माणूस माझ्याकडे येतो. शिंकणारा माणूस ईएनटीकडे जातो, किंवा खरं सांगायचं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जातो. तो एकच माणूस आहे हे दोन्हीकडच्या फायलींत कुठेच लिहिलेलं नसतं.

स्लीप अ‍ॅप्निया हा शब्द आता मराठी घरांत अनोळखी राहिलेला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांत या आजाराचं नाव आलं आणि पुढचे काही आठवडे दवाखान्यांत घोरण्याची चौकशी करणारे वाढले. पण आजार आपल्यात किती खोलवर आहे हे त्याआधी जवळपास दोन दशकं मुंबईतच मोजलं गेलं होतं. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयोगटातल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या 658 शहरी पुरुषांचा अभ्यास केला. 2004 मध्ये तो प्रसिद्ध झाला. झोपेत श्वासात अडथळा येणारे 19.5 टक्के निघाले, आणि अडथळ्यासोबत दिवसा झोप अनावर होणारे 7.5 टक्के. म्हणजे मुंबई परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांत साधारण पाचातल्या एकाचा श्वास रात्री अडखळत होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

आजाराचं स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद, ज्यांच्या मानेभोवती चरबी, ज्यांची हनुवटी मागे, त्यांचा घसा श्वास आत ओढताना मिटतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा थांबली तर त्याला एक अ‍ॅप्निया म्हणायचं. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, मोठा घोरका निघतो, आणि पुन्हा तेच. तासाला असे 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य आजार, 30 आणि त्यापुढे गंभीर. स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर 60 हा आकडा बघून घाबरलेले लोक मी नेहमी पाहतो. दर मिनिटाला एकदा गुदमरणं असा त्याचा अर्थ, आणि घाबरणं योग्यच आहे. रक्तदाब, हृदयाचे ठोके, साखर, स्मरण, सगळ्यांवर त्याचा भार पडतो. सायन-पनवेल महामार्गावर पहाटे गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत तर भार इतरांच्याही जिवावर पडतो.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी काढला. नाकावर घट्ट मास्क, त्यातून सतत थोड्या दाबाने हवा, आणि त्या हवेच्या आधाराने घसा उघडा, हेच सीपॅप. पाच पेशंटांवरचे निष्कर्ष 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या पहिल्या मशिनात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. आज मशीन तळहातांच्या ओंजळीत मावतं, फारसा आवाज करत नाही, रोजचा हिशोब मोबाइलवर पाठवतं. तत्त्व तेच राहिलं आहे: हवा नाकातून जाणार.

आणि म्हणून नाक चोंदलं की सगळी रचना डगमगते. श्वासमार्गातल्या एकूण अडथळ्याचा निम्म्याहून जास्त वाटा एकट्या नाकाचा असतो. माणूस आडवा झाला की नाकातल्या रक्तवाहिन्या भरतात आणि वाट आणखी अरुंद होते. म्हणून दिवसभर 'तसं काही नाही' म्हणणारा माणूस रात्री अकराला तोंडाने श्वास घेऊ लागतो. अ‍ॅलर्जीची सूज त्यात भर घालते. मशीन नसलेल्या माणसात चोंदलेल्या नाकामागे जोर लावून श्वास ओढावा लागतो, त्या ओढीने घसा आणखी मिटतो आणि अ‍ॅप्निया वाढतात. मशीन लावणाऱ्यात वेगळंच घडतं. नाकातून वाट नाही म्हणून तोंड उघडतं. दाबाने आलेली हवा नाकातून आत शिरून तोंडावाटे निघून जाते. ही एकाच दिशेने वाहणारी हवा नाकाचं अस्तर कोरडं करते, कोरडं अस्तर सुजतं, नाक आणखी बंद होतं, तोंड आणखी उघडतं. दोन-तीन तासांत माणूस घसा कोरडा ठणठणीत होऊन उठतो आणि मास्क बाजूला फेकतो. सकाळी त्याला एवढंच आठवतं की मशिनाने त्रास दिला.

मशीन बंद केल्यावर आजार किती दिवस सवलत देतो, असं लोक विचारतात. सवलत नसते. पहिल्या एक-दोन रात्रींतच अडथळे परत येऊ लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात महिनाभर मशीन कपाटावर ठेवणं म्हणजे महिनाभर उपचार बंद ठेवणं. एवढी एक गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसली तरी पुस्तिकेचं अर्धं काम झालं असं मी मानेन. उरलेलं अर्धं असं, की नाकाचा उपचार शिंका सुरू झाल्यावर करायचा नसतो, त्याआधी दोन आठवडे सुरू करायचा असतो. आणि त्यासाठी आपल्या गावाचं वर्ष माहीत असावं लागतं.

नवी मुंबईचं वर्ष युरोपातल्या पुस्तकांतल्या वर्षासारखं नाही. तिथे वसंतात बर्च फुलतो, लोक शिंकतात, फुलोरा संपला की शिंका संपतात. आपल्याकडे 'हंगामी' म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं बारमाही असतं आणि ऋतूनुसार फक्त चढतं-उतरतं. हे शहर 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या मिठागरांच्या, भातशेतीच्या आणि गावठाणांच्या जमिनीवर वसवलं. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. धुतलेली चादर दोन दिवस वाळत नाही. कोपरखैरण्याच्या, नेरुळच्या, वाशीच्या जुन्या इमारतींत बाहेरच्या भिंतीकडच्या खोलीत ओल उतरते, कपाटामागे काळे-हिरवे ठिपके उमटतात, आणि बहुतेक वेळा नेमकं त्याच भिंतीला पलंग टेकवलेला असतो. ते ठिपके म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू रात्रभर हवेत सुटतात.

बुरशीहून मोठा गुन्हेगार डोळ्यांना दिसतच नाही. धुळीतला माइट हा अष्टपाद जीव गादीत, उशीत, सोफ्यात राहतो, आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतो, आणि पाणी न पिता हवेतली वाफ शोषून घेतो. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर तो तग धरत नाही. घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी मुळात याच जिवाची आहे, हे 1964 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवलं. लायडन हेही पाण्याच्या काठचं, कालव्यांचं, ओल्या घरांचं शहर, आणि ओल्या घरांत माइट जास्त हे त्यांच्या कामातून पुढे आलं. त्यांचे निष्कर्ष वाचताना मला ऐरोलीतली आणि बेलापूरमधली घरं दिसतात. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर माइटची संख्या वाढत जाते. पाऊस संपल्यावर त्यातले अनेक मरतात, पण त्यांची विष्ठा आणि अवशेष गादीतच राहतात, आणि अ‍ॅलर्जी त्यांचीच असते. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी नाक का वाहतंय, हा प्रश्न पेशंट विचारतात त्याचं उत्तर इथे आहे.

मग नवरात्र ते दिवाळी. या साधारण महिनाभराच्या काळावर लेखकांनी स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि मला ते पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पारसिक आणि खारघरच्या उतारांवरची गवतं ऑगस्टपासून फुलोऱ्यात असतात, ऑक्टोबरात ती पिवळी पडत जातात. मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजलेलं असतं. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज राज्यभर पसरलं आहे, आणि त्याच्या परागकणांनी नाकही सुजतं आणि कातडीही. रस्त्याकडेच्या सातविणी फुलतात, त्यांच्या उग्र वासाने आधीच चिडलेलं नाक आणखी चिडतं. घरात याच वेळी दिवाळीची साफसफाई निघते. जळमटं काढली जातात, माळ्यावरची भांडी आणि ट्रंका खाली येतात, पंख्यांची पाती पुसली जातात, वर्षभर बांधून ठेवलेल्या गोधड्या आणि रजया थंडीसाठी बाहेर निघतात. ती गोधडी त्याच रात्री अंगावर घेतली जाते. मग फटाक्यांचा धूर, आणि नंतर हिवाळ्यातल्या पहाटेची जमिनीलगत अडकलेली धुरकट हवा. एकामागून एक येणाऱ्या या गोष्टी सोसणारं नाक रात्री दहाला मशिनासमोर बसतं, तेव्हा त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. ज्याला अ‍ॅलर्जी आहे आणि जो मशीन लावतो त्याने साफसफाईच्या दिवशी घरात थांबू नये. थांबावंच लागलं तर मास्क लावून, ओल्या फडक्याने पुसणं, झाडू न मारणं. गोधड्या वापरायच्या आठ दिवस आधी काढून गरम पाण्यात धुणं. पाणी 60 अंशांपर्यंत तापलेलं असेल तर माइट मरतात. जे धुता येत नाही ते कडक उन्हात पूर्ण वाळवणं. उशी आणि गादीला घट्ट विणीची, चेनची खोळ. पलंग ओल्या भिंतीपासून हातभर लांब. यातली एकच गोष्ट करून फरक पडत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्या एकत्र कराव्या लागतात.

इथे एक भेद करायला हवा, कारण त्याअभावी लोक वर्षानुवर्षं चुकीची गोळी खातात. दगडाची धूळ, सिमेंट, धूर, मिरचीची खकाणी यांची अ‍ॅलर्जी नसते, त्यांनी नाक चुरचुरतं. उलव्याची टेकडी सपाट करून विमानतळ उभा राहिला, ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याच्या भोवती उलवे, पनवेल, खारघर पट्ट्यात बांधकामं चालूच आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या कारखान्यांचा वास रात्री वसाहतींत उतरतो. तुर्भ्याच्या मसाला बाजारात फेब्रुवारीपासून नव्या मिरचीची आवक वाढते, आणि मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला होतो. बाजारात पोती उचलणाऱ्या माथाडी कामगाराचं नाक त्या दिवसांत कसं असतं हे त्याच्या घरच्यांना विचारावं. या सगळ्यांवर अ‍ॅलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, कारण गोळी ज्या हिस्टामिनला अडवते ते इथे मुख्य कारण नसतं. इथे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, कामावर योग्य मास्क, आणि खिडकी कधी उघडायची याचा विचार उपयोगी पडतो. आणि ज्याला दोन्ही आहेत, अ‍ॅलर्जीही आणि धूळही, त्याला दोन्ही उपाय लागतात. नवी मुंबईत असे लोकच जास्त.

कोणाला कशाची अ‍ॅलर्जी हे ठरवण्यासाठी स्किन प्रिक टेस्ट असते. हवेत काय आहे हे मोजण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले परागकण आणि बीजाणू पकडण्यासाठी बनवलेला सॅम्पलर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या परंपरेचा धागा शहराच्या रोजच्या आरोग्यसेवेपर्यंत यावा असं मला मनापासून वाटतं. प्रदूषणाचा आकडा आपण रोज पाहतो, तसा परागकणांचाही पाहता आला तर औषध कधी सुरू करायचं हे पेशंट स्वतः ठरवू शकेल.

आता मशिनाकडे. सीपॅप दर मिनिटाला माणसाच्या श्वासाहून कितीतरी जास्त हवा ओढतं, कारण मास्कवरच्या छोट्या भोकांतून उच्छ्वास बाहेर टाकण्यासाठी हवा सतत वाहत ठेवावी लागते. ही सगळी हवा झोपायच्या खोलीतली असते. खोलीत मच्छर अगरबत्ती जळत असेल आणि मशीन पलंगाखाली जमिनीवर असेल, तर तो धूर दाबाने नाकात जातो. पावसाळ्यात डास असतातच, त्यावर मच्छरदाणी हा सर्वांत निर्धोक उपाय. मशीन पलंगाच्या उंचीच्या टेबलावर हवं, पडद्यापासून दूर.

मशिनाच्या मागच्या बाजूला नखाएवढ्या खाचेत बोट घातलं की एक झाकण उघडतं. आत काड्यापेटीएवढा स्पंजाचा किंवा पांढऱ्या तंतूंचा तुकडा असतो. तो फिल्टर. महामार्गालगतच्या घरात दोन आठवड्यांत तो राखाडी होतो, महिन्यात काळा. तीन वर्षं मशीन वापरूनही ते झाकण कधीच न उघडलेले पेशंट मला भेटले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही, मशीन देताना कोणी दाखवलंच नाही. स्पंज आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा. ओला बसवला तर त्यातच बुरशी धरते. तंतूंचा फिल्टर धुवायचा नसतो, महिन्याला बदलायचा, आणि नवरात्र ते संक्रांत या काळात त्याहून लवकर. मास्कची सिलिकॉनची गादी रोज सकाळी कोमट पाण्याने, नळी आठवड्याला. ओझोन सोडून मशीन 'निर्जंतुक' करणारी उपकरणं घेऊ नयेत. ओझोनने नाकाला इजा होते आणि मशिनाच्या आतल्या भागांनाही. 2021 मध्ये जगभर लाखो मशिनं आतला फोम झिजत असल्यामुळे परत मागवली गेली, तेव्हा ओझोनने ही झीज वाढते हेही पुढे आलं.

ह्युमिडिफायर हा नाकाचा मित्र. ओलसर, कोमट हवेने अस्तर सुजत नाही. पण एसी लावलेल्या थंड खोलीत नळीतली वाफ गार होऊन पाणी होतं आणि मध्यरात्री थेंब नाकावर पडतात. त्यावर ह्युमिडिफायर बंद करणं हा उपाय नाही. एसी 25-26 वर ठेवावा, नळीला कापडी आवरण घालावं, परवडत असेल तर गरम होणारी नळी घ्यावी. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि उरलेलं रोज सकाळी ओतून टाकी उघडी वाळवावी. गाडीच्या बॅटरीचं पाणी अनेकजण वापरतात, ते शरीरासाठी बनवलेलं नसतं, त्याने टाकी भरू नये. एखाद्या रात्री डिस्टिल्ड वॉटर नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालेल.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. नाक मिठाच्या पाण्याने धुणं, आपली जलनेती, हा अ‍ॅलर्जीवरचा स्वस्त आणि खरा उपाय आहे. पाव लिटर पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, झोपायच्या अर्धा तास आधी. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन येतं, तरी ते सोसायटीच्या टाकीतून फिरून आपल्या नळाला येतं. दूषित पाणी नाकात गेल्याने अमीबाचा जीवघेणा मेंदूज्वर होऊ शकतो. 2024 आणि 2025 मध्ये केरळात अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आणि त्यातले काही दगावले, हे विसरता येणार नाही.

औषधांत पहिला मान नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा. 'स्टेरॉइड' ऐकलं की आपल्याकडे घरातलं वातावरण बदलतं. म्हणून आकडे सांगतो. फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोनची साधी गोळी 5 मिलिग्रॅमची, म्हणजे 5000 मायक्रोग्रॅमची. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे, पण स्प्रेतलं जे थोडं पोटात जातं ते यकृतात जवळपास सगळं नष्ट होतं. स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात. चार दिवस मारून 'काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांसाठी हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. मारायची पद्धतही शिकावी लागते: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यावर कधीच नाही, आणि मारल्यावर हळू श्वास, जोरात ओढायचं नाही. पडद्यावर मारत राहिलं की घोळणा फुटतो, आणि दोष औषधाला मिळतो. डब्लिनच्या एका छोट्या अभ्यासात, जो 2004 मध्येच प्रसिद्ध झाला, रिनायटिस, म्हणजे नाकाची सूज, असलेल्या अ‍ॅप्नियाच्या पेशंटांत या स्प्रेने अडथळ्यांची संख्या कमी झाली होती. संपली नव्हती, हेही तितकंच लक्षात ठेवावं.

याउलट नाक क्षणात मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, यांचा मोह सर्वांत घातक. चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की थेंबाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. उशाखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचा मशीन सोडण्याचा धोका मोठा. सर्दीच्या तयार गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने दिवसा गुंगी येते. अ‍ॅप्नियाच्या माणसाला दिवसा झोप येणं हेच मुळात लक्षण, मग उपचार लागू पडतोय की नाही हे कळणार कसं? त्याच गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन रक्तदाब वाढवतं, आणि आपल्या बहुतेक पेशंटांना रक्तदाब असतोच. गोळी लागलीच तर फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनसारखी झोप न आणणारी, डॉक्टरांना विचारून. लिव्होसेट्रिझिनसोबत येणारं मॉन्टेलुकास्ट आपल्याकडे फार सर्रास दिलं जातं. त्याने काहींना वाईट स्वप्नं, झोपमोड, मन अस्वस्थ होणं असे त्रास होतात. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोपेच्या पेशंटला ते देण्याआधी मी दोनदा विचार करतो. आणि हंगामाच्या तोंडावर 'एकच इंजेक्शन घ्या, वर्षभर बघायला नको' असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. ते स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं, साखर आणि हाडं त्याची किंमत मोजतात.

घरगुती उपायांबद्दल लेखकांनी आदराने आणि स्पष्टपणे लिहिलं आहे. निलगिरीचे थेंब मशिनाच्या टाकीत घालायचे नाहीत. रात्री नाकात तूप किंवा तेल सोडून लगेच मशीन लावायचं नाही, तेलाचे कण फुप्फुसांत उतरून तिथे जळजळ निर्माण करतात आणि मास्कही खराब होतो.

नाक पूर्ण बंद झालेल्या रात्रीसाठी एक पान आहे, ते फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं. नाक धुणं, स्प्रे, उशी उंच, ह्युमिडिफायर एक पायरी वर, आणि नाका-तोंडावर बसणारा मोठा मास्क घरात असेल तर तो. प्रेशर स्वतः बदलायचं नाही. तरी चार तासही मशीन लागत नसेल आणि असं आठवडाभर चाललं, तर मोबाइलमधला हिशोब आणि मास्कमधून होणाऱ्या हवेच्या गळतीचा आलेख घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ताप, एका बाजूचं गालफड दुखणं, पू, वारंवार रक्त, यांत वाट पाहायची नाही. काहींचा नाकातला मधला पडदा इतका वाकडा असतो की शस्त्रक्रिया करावी लागते. त्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही, मशीन मात्र सुसह्य होतं, कधी कमी दाबावर चालतं. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असेल तर नंतर निराशा येत नाही.

शेवटी एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबता येत नाही. उदवाडियांच्या 2004 च्या अभ्यासात फक्त पुरुष होते. दवाखान्यात मशिनाबद्दल विचारायला येणारेही बहुतांश पुरुषच, आणि त्यांच्यासोबत आलेली बायको त्यांच्या फिल्टरचा, पाण्याचा, औषधाच्या वेळांचा हिशोब तोंडपाठ सांगते. दिवाळीची जळमटं तीच काढते, वर्षाचा मसाला तीच भाजते, ओल्या चादरी तीच वाळत घालते. तिलाही शिंका येतात, नाक चोंदतं, पहाटे डोकं दुखतं, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत स्लीप अ‍ॅप्निया वाढतो आणि तो बरेचदा घोरण्यापेक्षा थकवा, झोप न लागणं आणि उदासपणा या रूपांत समोर येतो. तिच्या थकव्याला घरकामाचं नाव दिलं जातं, वयाचं नाव दिलं जातं. पुस्तिकेचं सातवं प्रकरण तिच्यासाठी आहे. त्यातली प्रश्नावली नवऱ्याने भरून घ्यावी, कारण ती स्वतः घोरते का हे तिला सांगता येणार नाही, त्याला येईल. आणि उत्तरं 'हो' कडे झुकली तर तिची स्लीप स्टडी या दिवाळीच्या साफसफाईआधी करून घ्यावी.